एक जूनची माणसं



ज्यांचा वाढदिवस एक जूनला येतो त्यांनी हात वर करा, असं मी आत्ता म्हणालो तर पुढच्या चार रांगांतले निम्मे हात वर जातील. आणि हात वर करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असेल की तो दिवस काही आपल्या जन्माचा नाही. शाळा जूनमध्ये उघडायची. बाप लेकराला धरून मास्तरांपुढे उभा करायचा. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की लेकरू शाळेच्या वयाचं झालं, एवढीच परीक्षा. मास्तर अंदाजाने साल धरायचे, त्यापुढे एक जून लिहायचे आणि पुढच्याला बोलवायचे. नोकरी, पगार, निवृत्ती सगळं त्या तारखेवर झालं. आता नातवंडं त्याच तारखेला केक आणतात. घराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळपासून फुलांचे गुच्छ येत राहतात आणि आजोबा काही न बोलता केक कापतात.

पण हाच प्रश्न त्या आजोबांच्या आईला विचारला असता तर तिने कॅलेंडर काढलं नसतं. ती म्हणाली असती, ‘रझाकारांची धामधूम होती, आम्ही रानात लपून होतो, तेव्हा हा पोटात होता.’ किंवा, ‘बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची मी, सुकडी वाटत होते, तेव्हा ही अंगावर पीत होती.’ लातूर-नांदेडच्या माणसाचं वय असं मोजलं गेलं: १९४८ची पोलीस अ‍ॅक्शन, बहात्तर, भूकंप. मला ही मोजणी अडाणी वाटत नाही. दाखल्यावरच्या तारखेपेक्षा तिच्यात जास्त माहिती आहे. लेकरू जन्मलं तेव्हा घरात काय शिजत होतं, बाप कुठे होता, आई कुठल्या कामावर होती, हे सगळं त्या एका वाक्यात येतं.

शिवाय आमच्याकडे कागदाचाच भरवसा धरणं अवघड. १९४६ साली उदगीरला जन्मलेला माणूस घ्या. जन्म निजामाच्या राज्यातला, जिल्हा बीदर. दोन वर्षांचा असताना राज्य गेलं. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला आणि जिल्हा झाला उस्मानाबाद. १९६० साली महाराष्ट्र. १६ ऑगस्ट १९८२ला लातूर जिल्हा वेगळा झाला. मधल्या उस्मानाबादचंही नाव आता धाराशिव आहे. गडी गाव सोडून कुठे गेला नाही, पण त्याचे कागद किती कचेऱ्यांमधून फिरून आले! त्यात निजामाच्या दप्तरातलं साल फसली. तुमच्या पणज्याच्या नावापुढे १३४० दिसलं तर दचकू नका, त्यात ५९० मिळवा.

या कागदांना परवापरवा अचानक भाव आला. २०२३च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली. खासरा पत्रकं, कोतवाल बुकं, शाळांची जुनी प्रवेश रजिस्टरं बाहेर निघाली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना शोधत माणसं फिरू लागली. मराठा आरक्षणाच्या वादात मी आज शिरणार नाही, त्यासाठी वेगळी सभा घ्या आणि वेगळा वक्ता बोलवा. मला त्यातली एकच गोष्ट सांगायची आहे. नोंद सापडली तरी पुरत नव्हती. त्या नोंदीतला माणूस आपला कोण लागतो, हे वंशावळीतून दाखवावं लागत होतं. खापरपणजा, पणजा, आजा, बाप, मी. मग घरोघर वंशावळी मांडायला बसले. तरण्या पोरांना आज्याच्या वर नाव येईना.

मी अशा काही बैठका पाहिल्या. कागद पुरुषांच्या हातात, पेनही पुरुषांच्या हातात. नावं मात्र येत होती आतल्या खोलीतून. ‘थोरल्या आज्याला दोन बायका होत्या, पहिलीचा एक लेक पटकीत गेला, तो धरू नका.’ ‘ते भाऊ नव्हं, चुलत भाऊ.’ सांगणारी म्हातारी या घरात सून म्हणून आलेली, परगावची. तिने हे सगळं आपल्या सासूकडून ऐकलेलं आणि सासू तरी कुठे या गावची? म्हणजे ज्या घराण्याची पाळंमुळं लिहायची, त्याची माहिती जपली ती बाहेरून आलेल्या बायकांनी. लिहून झालेल्या वंशावळीत त्यांच्यापैकी एकीचंही नाव नव्हतं. काढायलाच कुणी सांगितलं नव्हतं.

लेकीबाळींची नावं कागदावर येतात, नाही असं नाही. बाप गेला की तलाठ्याकडे वारसाचा फेरफार होतो, तेव्हा सगळ्या बहिणींची नावं लागतात. आणि मग हक्कसोडपत्र होतं. म्हणजे नाव लिहायचं ते कमी करण्यासाठी. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, देशाने २००५ साली. पण आमच्या भागात दिवाळीला साडी नेसवायची आणि पुढच्या आठवड्यात तहसीलच्या गावी सहीला न्यायचं, ही रीत काही मोडली नाही. टाळ्या नका वाजवू. टाळ्या वाजवणाऱ्यांतही सह्या घेतलेले असतील. १ मे २०२४पासून जन्मलेल्या लेकराच्या नावात आईचं नाव बापाच्या आधी लिहायचा नियम सरकारने केला आहे. त्या लेकरांची नातवंडं वंशावळ मांडतील तेव्हा निदान एक पिढी तरी पुरी सापडेल.

आता किल्लारीचा भूकंप. लातुरात पिढ्यांच्या आठवणींवर बोलायचं आणि किल्लारी टाळायची, हे जमणार नाही.

जन्माच्या तारखा नसलेल्या या मुलखात मरणाची एक तारीख मिनिटासकट पाठ आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छपन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसं उशिरा निजली होती. पितृपक्ष तोंडावर आला होता. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सरकारी हिशेबानेच आठ हजारांच्या आसपास माणसं गेली.

ती माणसं कशाने गेली, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. धरणी हलली हे खरं, पण मारलं घरांनी. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडाच्या भिंती, सांध्यात माती, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचं माळवद. माळवद गळू लागलं की वर आणखी माती टाकायची. बापाने टाकली, लेकाने टाकली, नातवाने टाकली. प्रत्येक पिढीने आपापला थर चढवला. जाड भिंत ही घराण्याची ऐपत होती, पुढच्यांसाठी केलेली तरतूद होती. आज्याने नातवंडांना सावली राहावी म्हणून बांधलेलं घर नातवंडांवर कोसळलं. याहून क्रूर वारसा मला ठाऊक नाही.

त्या ढिगाऱ्याखाली माणसांबरोबर काय काय गेलं, याची यादी पंचनाम्यात येत नाही. देव्हाऱ्यातले टाक गेले, लग्नातला एकुलता एक फोटो गेला, भिंतीवर पेन्सिलीने टिपलेल्या जन्मवेळा गेल्या. बावन्न गावं नव्या जागी वसवली. नवी घरं जमिनीच्या मानाने मिळाली. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला अडीचशे चौरस फूट, मधल्याला चारशे, सात हेक्टरांच्या वर असेल त्याला साडेसातशे. भूकंपात टिकणारी, सरळ रस्त्यांवरची घरं. तक्रार कोणत्या तोंडाने करणार? पण जुन्या वाड्यात बाळंतिणीची खोली होती आणि बाप जन्मला त्याच खोलीत लेक जन्मायचा. ‘तुझा आजा इथं बसायचा’ असं बोट दाखवून सांगता यायचं. नव्या घरात बोट दाखवायला जागा उरली नाही.

भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. ती शिकली, नोकऱ्यांना लागली, त्यांचे संसार झाले. आता त्यांची पोरं विचारण्याच्या वयात आहेत. आजी कशी दिसायची? बापाजवळ फोटो नाही. त्याला स्वतःलाच अर्धवट आठवतं, आणि जे आठवतं ते त्या पहाटेच्या पलीकडे सरकत नाही. मला वाटतं, भूकंपाने केलेलं हे नुकसान अजून कुणी मोजलेलं नाही. किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी दरवर्षी पोलीस हवेत फैरी झाडून मानवंदना देतात. ती द्यायलाच हवी. पण त्या सोहळ्यात आठवतं ते मरण. ती बाई भाकरी कशी थापायची, कुणावर चिडायची, कुठल्या गावची लेक होती, हे तिथे कोण सांगणार?

ते सांगायची आमची एक जागा आहे आणि ती तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. येळवस. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर शहरात संचारबंदी लागल्यासारखी दुकानं बंद असतात. पुण्या-मुंबईची पोरं दिवाळीला येणार नाहीत, पण येळवशीला येतात. शेतात कडब्याची कोपी, आत मांडलेले पांडव, त्यांची पूजा, मग भज्जी, उंडे, खीर, आंबील. ज्याला शेत नाही त्याला शेजारी बोलावतो. जात-धर्म कुणी विचारत नाही. बऱ्याच शेतांत बांधाला आज्या-पणज्यांची समाधी असते, लिंगायतांच्या शेतांत तर हमखास. पोरं तिच्यावर बसून आंबील पितात आणि कुणी रागावत नाही. जेवणं झाली की लवंडलेली म्हातारी माणसं बोलू लागतात. ही विहीर कुणी खांदली, हे आंब्याचं झाड कुणी लावलं, कुणाचं भांडण कुठल्या बांधावरून झालं. व्याख्यान नाही, कीर्तन नाही. ज्याला ऐकायचं तो ऐकतो.

याच्या उलट आमचे फ्लेक्स. चौकात प्रथम पुण्यस्मरणाचा फलक लागतो. वर गेलेल्या माणसाचा फोटो आणि खाली निमंत्रकांचे बारा फोटो, गॉगलसकट. गेलेला माणूस ओळखू यायला वेळ लागतो.

एक गोष्ट कमी लोकांना आवडेल, तरी सांगतो. रझाकारांनी केलेले अत्याचार आम्ही घरोघर सांगितले, दर १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, सांगतो, सांगितलेच पाहिजेत. पण १९४८च्या कारवाईनंतर इथल्या मुसलमान घरांवर काय गुदरलं, ते त्या घरांतसुद्धा पुढच्या पिढीला फारसं सांगितलं गेलं नाही. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ लागल्याचं लिहिलं, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. लातूर तेव्हा उस्मानाबादेत. तो अहवाल कित्येक दशकं बंद राहिला. लेकरांना भीती वाटू नये म्हणून आई-बाप गप्प राहिले असतील, शेजाऱ्यांशी पुन्हा राहायचं होतं म्हणूनही असतील. मी त्यांना दोष देत नाही. फक्त एवढंच की कुठल्या घरात कोणती आठवण सांगायची मुभा असते, हे त्या घरातली माणसं एकटी ठरवत नाहीत.

वेळ संपत आला. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी वंशावळ आता तयार आहे, नोटरीच्या शिक्क्यासकट. तिच्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या शेजारी थोडी जागा मोकळी आहे. तिथे त्याच्या बायकोचं नाव लिहायला घ्या, आणि फसाल. कारण लग्नात नाव बदललेलं असतं. सासरचं नाव सापडेल, माहेरचं कुणाला येणार नाही. म्हणून घरातली सगळ्यांत म्हातारी बाई आहे तोवर तिच्यापाशी बसा. आधी तिचं स्वतःचं माहेरचं नाव विचारा, मग तिच्या आईचं, मग सासूचं माहेर कुठलं ते. ती म्हणेल, ‘काय करायचंय आता त्याला?’ हे ती दोन-तीनदा म्हणेल. उठू नका. मोबाइल खिशात ठेवा, सुपारी कातरून द्या आणि पुन्हा विचारा.