दोन टोकांच्या रेघेपलीकडे

गुंतागुंतीची व्यवस्था कागदावर मांडायची म्हटली की आपण ठिपके काढतो आणि रेघा ओढतो. ठिपक्या-रेघांच्या या शास्त्राचा उगम क्योनिग्सबर्गच्या कोड्यात: सातही पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून फिरता येईल का? १७३६ साली गणितज्ञ ऑयलरने जमिनीचे चार तुकडे आणि त्यांना जोडणारे पूल एवढंच लक्षात घेतलं, बाकी सगळं सोडून दिलं. पुलाला टोकं दोनच, म्हणून त्याचं काही अडलं नाही.

आता तीन संशोधक घ्या. तिघांनी मिळून एक शोधनिबंध लिहिला; किंवा दोघादोघांनी मिळून तीन लिहिले. रेघा ओढल्या तर दोन्ही वेळा तोच त्रिकोण! तिघं एकत्र बसले होते की नाही, हे चित्रातून पुसलंच गेलं. हायपरग्राफमध्ये एकच दुवा तिघांना किंवा दहाजणांना एकदम कवेत घेतो, त्यामुळे हा फरक टिकतो.

हा फरक पुसला गेल्याने बिघडतं काय? पुष्कळ. इयाकोपिनी आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली एखादी गोष्ट समाजात कशी पसरते याचं प्रारूप मांडलं. एकाने सांगितलं तर आपण बऱ्याचदा कानाआड करतो. त्याच टोळक्यातल्या दोघांनी सांगितलं तर ऐकण्याची शक्यता वाढते. एवढी एक भर घातल्यावर प्रसार हळूहळू न वाढता एकदम उसळू शकतो, आणि तो टिकणार की विझणार हे सुरुवातीला किती जण होते यावरही ठरतं.

साध्या रेघांची दुसरी उणीव थरांची: एकमेकांवर विसंबलेली वेगवेगळी जाळी त्यांत दिसत नाहीत. २८ सप्टेंबर २००३, पहाटेचे तीन. स्वित्झर्लंडमधल्या लुकमानियर मार्गावरची उच्चदाबाची तार झाडाजवळ ठिणगी पडून बंद झाली. दहाएक मिनिटांनी स्विस नियंत्रण कक्षाने इटलीला फोन करून वीज कमी घ्यायला सांगितलं. इटलीने ती कमी केलीही. पण तोवर भार दुसऱ्या तारेवर गेला होता. तापलेली तार खाली झोल खाते. ३ वाजून २५ मिनिटांनी तीही झाडामुळेच गेली. मग उरलेल्या तारा पटापट सुटल्या आणि सार्डिनिया वगळता सारा इटली अंधारात गेला.

या घटनेचा दाखला घेऊन बुल्डिरेव, स्टॅन्ली, हॅवलिन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ‘नेचर’मध्ये दोन जाळी एकमेकांवर ठेवली: वीजकेंद्रांचं आणि त्यांना चालवणाऱ्या संगणकांचं. केंद्र बंद पडलं की संगणक बंद, संगणक बंद पडला की आणखी केंद्रं बंद. मोजक्या ठिपक्यांना भरपूर दुवे असलेलं जाळं एकटं असताना यदृच्छेने होणारे बिघाड सोसतं. तसली दोन जाळी परस्परांवर विसंबली, की तीच जास्त लवकर कोसळतात. मला हा निष्कर्ष त्या निबंधाचा गाभा वाटतो. इटलीची रात्र मात्र त्यातून पुरती उलगडते असं मी म्हणणार नाही. अधिकृत चौकशीचा भर झाडं आणि वेळेत न केलेली उपाययोजना अशा गोष्टींवर होता.

एकावर एक विसंबलेले थर आपल्याकडेही दिसले. मुंबईत १२ ऑक्टोबर २०२० रोजी वीज गेली, तेव्हा लोकल तर थांबल्याच, शिवाय विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षाही पुढे ढकलाव्या लागल्या. टाळेबंदीने परीक्षा घरोघरच्या विजेवर आणून ठेवल्या होत्या. हा थर आदल्या वर्षीच्या कुठल्याच नकाशात सापडला नसता.

म्हणून सगळीकडे हायपरग्राफ काढायचे का? नाही. कोण कोणाला फोन करतं याच्या नोंदी जोडीजोडीच्याच असतात. त्यातून तिघांची बैठक ओढून काढणं म्हणजे बव्हंशी अंदाज. तिथे साधी रेघ पुरेशी आहे.