चिंता आणि शरीर

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. संकट दिसतांच त्या अ‍ॅड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल हे अंतःस्राव रक्तांत सोडतात. छाती धडधडते, रक्तांतील साखर वाढते, स्नायूंना बळ येतें. संकट टळलें कीं हें सारें ओसरावें, अशी निसर्गाची योजना. १९३६ सालीं माँट्रिऑल येथील हान्स सेल्ये यांनीं दाखविलें कीं, थंडी असो, अतिश्रम असोत वा विषारी द्रव्य, उंदरांच्या या ग्रंथी सारख्याच फुगतात व जठरांत व्रण पडतात. माणसाच्या घरीं तर चिंताच मुक्कामाला राहते. मग झोंप उडते, रक्तदाब चढतो, स्मरणशक्ति मंदावते. अशा माणसाला ‘मन घट्ट कर’ एवढेंच सांगणें पुरेसें नाहीं. त्याचा भार थोडा वांटून घेणें, हाहि उपचारच होय.