भट्टीसमोरचा तारा



तरुणपणी मी भट्टीवर कामाला होतो. पाळी सुटेपर्यंत छाती भाजून निघे, पाठ मात्र गार असे. आकाशातही असा एक गडी आहे.

नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत. त्यांनी टिपलेला एक स्पंदक २०१३ साली जाहीर झाला. मेलेल्या ताऱ्याचा हा गोळा सेकंदाला सुमारे ४६३ गिरक्या घेतो. त्याचा हलका सोबती तीन तासांच्या आत त्याला फेरी घालतो. स्पंदकाचे किरण आणि कणांचा झोत सोबत्याची समोरची बाजू तापवतात. तिचा वायू उडून जातो. सोबती मध्ये आला की ३२२ मेगाहर्ट्‌झच्या लहरी त्या वायूत अडतात. ६०७ च्या पार येतात. झीज डोळ्यांना दिसली नाही. ती लहरींच्या खाड्यांवरून कळली.

आमचे मालकही म्हणत, ‘झीज कुठे दिसते?’ आम्ही हजेरीपटावरचे खाडे मोजून पुढे ठेवले, तेव्हा भट्टीवरची पाळी आलटूनपालटून मिळाली. ताऱ्याला जागा बदलून मागता येत नाही. माणसाला येते, पण आधी मोजले पाहिजे.