पाण्याच्या मापाने आखलेला प्रवास
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



कार्यवाहांनी आम्हांस आज बोलावयास सांगितले ते आमच्या नियोजित ऑस्ट्रेलिया-प्रवासावर. हा प्रवास अजून व्हावयाचा आहे. अर्जित रजा मंजूर झाली, परदेशगमनाची परवानगी मिळाली, इतकेच. तथापि मेलबर्नचे आमचे धाकटे बंधू आणि येथे जोधपुरात आम्ही, यांच्यात गेले चार महिने जी आखणी चालली आहे, तीच सांगण्याजोगी आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुले-भावंडे त्या देशी आहेत. असला बेत उद्या आपल्याही घरी निघेल.

तो बेत असा. डिसेंबरच्या उत्तरार्धात मुलांच्या शाळांना मोठी सुट्टी लागते. त्या सुट्टीत बंधू, भावजय, त्यांची दोन मुले आणि आम्ही उभयता अशा सहा जणांनी मोटारीमागे कॅम्पर ट्रेलर जोडून देशाच्या ओसाड अंतर्भागात जावयाचे. कॅम्पर ट्रेलर म्हणजे चाकांवरची एक मोठी पेटी. मुक्कामी उघडली की तिच्यातून कापडी तंबू उभा राहतो, बाजूला शेगडी व पाण्याची टाकी निघते. त्या अंतर्भागाला तेथे ‘आऊटबॅक’ म्हणतात. अडचण एवढीच की सुट्टी लागते ती ऐन उन्हाळ्यात. तेथील जाणते लोक या मुलखात जातात ते मे ते सप्टेंबर या थंडीच्या महिन्यांत.

उन्हाचे भय आपण जोधपूरकरांनी काय बाळगावे, असे आमच्याही मनात प्रथम आले. आपल्याच जिल्ह्याशेजारच्या फलोदीस १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला होता. दक्षिण ऑस्ट्रेलियातील ऊडनाडाटा येथे २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश नोंदले गेले. आकडे जवळजवळ सारखेच. परंतु थरच्या वाळवंटात माणूस आहे. कोसा-दोन कोसांवर ढाणी लागते, प्याऊ लागते, आणि वाटसरूला पाणी न विचारता मिळते. तेथे एका पेट्रोलपंपापासून दुसऱ्यापर्यंत अडीचशे किलोमीटरांत घरही दिसत नाही, आणि मोबाईलचा संदेशही बहुतेक वाटेत पोहोचत नाही. आपल्याकडे जे काम गाव करते, ते तेथे प्रवाशाने निघण्यापूर्वी कागदावर करावयाचे असते. (आपला उंट मात्र तेथे आपल्याआधी पोहोचला आहे. १८६० साली बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी कराचीहून उंट आणि उंटवाले नेले होते. पुढे आणलेल्या उंटांची मोकाट प्रजा आजही तेथे रस्त्यावर आडवी येते.)

बंधूंना मोह होता ऊडनाडाटा ट्रॅकचा. मरी ते मार्ला हा सुमारे सहाशे किलोमीटरांचा कच्चा रस्ता, जुन्या रेल्वेच्या खुणांच्या बाजूने जाणारा. मुलांनी त्याची चित्रेही जमवून ठेवली होती. आम्ही फक्त पाण्याचा हिशेब मागितला. असल्या उन्हात माणशी दिवसाला दहा लिटर धरावे. सहा जणांचे साठ झाले. ट्रेलरसह वाटेचे तीन दिवस, आणि गाडी नादुरुस्त झाली किंवा पाऊस पडून रस्ता बंद झाला तर राखीव दोन; म्हणजे पाच दिवसांचे तीनशे लिटर. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, हे आपण शाळेत शिकलो. त्याचा अर्थ आम्हांस या वयात कळला. बंधूंनी पाहिलेल्या ट्रेलरचे स्वतःचे वजन बाराशे किलो आणि भरून परवानगी सोळाशेची. चारशेपैकी तीनशे पाणीच खाते. उरलेल्या शंभरात अंथरूण-पांघरूण, शीतपेटी, गॅस, शिधा, दुसरा जादा टायर कसा बसवावयाचा? मोटारीवर टाकावे तर तीत आधीच सहा माणसे.

वजन केवळ किती, एवढाच प्रश्न नसतो. ते कोठे ठेवले यालाही महत्त्व आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा जोडाच्या गोळ्यावर पडावा, जड वस्तू आसाच्या आसपास व तळाशी असाव्यात. मागे भार वाढला की ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो आणि मोटारीलाही ओढून नेतो. टाकीतले पाणी रोज कमी होते, तसा हा तोलही रोज बदलतो. आमच्या कार्यालयात एखादी नस्ती इतक्या वेळा खाली-वर झाली नसेल, जितक्या वेळा या पेटीतील सामानाची यादी झाली.

चौथ्या यादीनंतर बंधूंनी आपण होऊन कच्चा रस्ता सोडला. आता ठरले आहे ते असे: ॲडलेडहून फ्लिंडर्स डोंगरांत विल्पेना पाउंड, तेथे तंबूत मुक्काम, नंतर पोर्ट ऑगस्टावरून स्टुअर्ट हायवेने कूबर पेडी आणि परत. हा हायवे १९८७ साली पूर्ण डांबरी झाला. मुक्कामागणिक टाकी भरता येत असल्याने दोन दिवसांचे, म्हणजे एकशेवीस लिटर पाणी पुरे. पोर्ट ऑगस्टा ते कूबर पेडी हे ५४० किलोमीटर एका दमात. कांगारू पहाटे व तिन्हीसांजेस रस्त्यावर येतात, म्हणून निघावयाचे ते चांगले उजाडल्यावर आणि दुपारी एकच्या सुमारास पोहोचावयाचे. ट्रेलर ओढताना पेट्रोल चवथाईने, प्रसंगी त्याहूनही अधिक जळते. म्हणून ग्लेंडॅम्बोला टाकी भरल्याशिवाय पुढे जावयाचे नाही, कारण पुढच्या अडीचशेहून अधिक किलोमीटरांत पंप नाही. वाटेत साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांबीच्या मालगाड्या असतात. त्यांना ओलांडण्याची घाई बंधूंनी करू नये, असे आमच्या घरच्या मंडळींनी आत्ताच बजावून ठेवले आहे.

कूबर पेडीत मात्र तंबू उघडावयाचा नाही. ओपलच्या खाणींचे हे गाव. तेथील लोक उन्हाला कंटाळून जमिनीखाली घरे कोरून राहतात. बाहेर ४५ अंश असले तरी आत पारा २५ च्या आसपास राहतो. अशाच खोल्या आम्ही घेतल्या आहेत. कापडी तंबूत चाळीस अंशांची संध्याकाळ मुलांनी का काढावी?

स्वयंपाकाचाही प्रश्न होताच. उन्हाळ्यात संपूर्ण अग्निबंदीचे दिवस जाहीर होतात; त्या दिवशी चूल तर नाहीच, उघड्यावर गॅसची शेगडी चालेल की नाही तेही त्या जागेचे नियम पाहून ठरवावे लागते. त्या दिवसांसाठी दशम्या आणि दाण्याची चटणी. मेलबर्नहून निघताना टोमॅटो, मिरच्या, फळे बरोबर घ्यावयाची नाहीत, कारण फळमाशीच्या भयाने दक्षिण ऑस्ट्रेलियात ती नेण्यास मनाई आहे. उपग्रहाशी जोडणारी संकटसूचक यंत्रणा भाड्याने मिळते, ती घेतली आहे. गाडी बंद पडली तर तिच्या सावलीत थांबावयाचे, मदत शोधत चालत जावयाचे नाही; हे मुलांकडून दोनदा वदवून घेतले आहे. शोधणाऱ्या विमानाला मोटार दिसते, माणूस दिसत नाही.

राहिले उलुरू. आमच्या घरच्या मंडळींना या प्रवासात खरी ओढ होती ती त्या तांबड्या शिळेची. परंतु कूबर पेडीपासून ती आणखी सातशेहून अधिक किलोमीटरांवर. पारा ३६ अंशांवर जाणार असा अंदाज असला की तेथील काटा त्जुटाच्या डोंगरांतील मोठी पायवाट सकाळी अकरा वाजता बंद करतात. म्हणजे दोन दिवस उन्हात जाऊन दोन तास पाहावयाचे. त्यांनीच नकाशावर बोट ठेवून ते नाव खोडले. मुलांना जुलैतही दोन आठवड्यांची सुट्टी असते. त्या वेळी विमानाने जाता येईल, तोवर आमची रजाही पुन्हा साठेल.

बंधूंनी येथून एकच वस्तू मागितली आहे: छागळ. मोटारीच्या पुढे टांगावयाची कापडी पाणपिशवी. तिकडेही जुन्या काळी मोटारींना ती लावीत. सोजती गेटच्या बाजारात गेल्या रविवारी दोन मिळाल्या. रात्रभर भिजत ठेवल्या. एक थोडी गळते, दुसरी चांगली आहे.