अतिदीर्घ लहरींवरून कळवलेली वेळ

३ ते ३० किलोहर्ट्झ वारंवारतेच्या रेडिओलहरींची लांबी १० ते १०० किलोमीटर भरते. बातम्या किंवा गाण्यांसाठी हा पट्टा निरुपयोगी, कारण माणसाचा आवाज वाहून नेण्याइतकी रुंदी त्यात मिळत नाही. मोर्सच्या टिंब-रेघा मात्र त्यावरून संथपणे जातात आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतात. उपग्रह येण्यापूर्वी एका खंडातल्या घड्याळाची गती दुसऱ्या खंडातल्या घड्याळाशी सर्वांत चोखपणे जुळवून दिली ती याच लहरींनी. हे कसे साधले, ते इंग्लंडमधल्या रग्बी केंद्राच्या इतिहासात चांगले दिसते.

रग्बी गावाजवळ हिलमॉर्टन येथे ब्रिटिश पोस्ट खात्याने उभारलेले हे केंद्र १ जानेवारी १९२६ रोजी सुरू झाले. जीबीआर हे त्याचे हाकनाव आणि १६ किलोहर्ट्झ ही त्याची वारंवारता. या वारंवारतेला लहर पावणेएकोणीस किलोमीटर लांब असते. एरियल नीट काम करायचा तर त्याची उंची लहरीच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे साडेचार किलोमीटरांहून जास्त हवी. तेवढे बांधणे अशक्यच होते. प्रत्यक्षात २५० मीटर उंचीचे बारा मनोरे उभे राहिले आणि त्यांच्यावर तारांचे जाळे ताणले गेले. उंचीची उणीव भरून काढण्यासाठी खाली इमारतीत लाकडी चौकटींवर माणसाहून कितीतरी उंच वेटोळी बसवली होती. त्यांची केबल स्वतंत्र इन्सुलेशन असलेल्या हजारो बारीक तारा पिळून केलेली, कारण जाड सलग तारेत बरीच शक्ती उष्णतेत वाया गेली असती. असे एक वेटोळे आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये पाहता येते.

वारंवारता स्थिर ठेवण्याचे काम सुरुवातीला एका नादकाट्याकडे होते. सेकंदाला सुमारे १७७८ कंपने करणारा हा काटा व्हॉल्व्हच्या मंडलाने सतत कंपत ठेवला जाई आणि त्याच्या नवव्या गुणकातून १६ किलोहर्ट्झ मिळत. पुढे ही जागा क्वार्ट्झच्या स्फटिकाने घेतली.

साम्राज्यातल्या दूरच्या देशांशी बोलण्यासाठी रग्बी बांधले गेले खरे, पण त्याच सुमारास मार्कोनीची लघुलहरींची झोतपद्धत पुढे आली. ती स्वस्त होती आणि वेगवानही. १९२७ मध्ये इंग्लंड-भारत संदेशवहन अशाच झोतकेंद्रांवरून सुरू झाले. त्यांचे भारतातले प्रक्षेपण पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण दौंडला होते. तरीही दीर्घ लहरी मोडीत निघाल्या नाहीत. समुद्रावरच्या जहाजांना कोणत्याही वेळी, कोणत्याही दिशेला खात्रीने ऐकू येणारा आवाज हवा होता, आणि तो रग्बीकडे होता.

१९ डिसेंबर १९२७ पासून ग्रिनिचच्या वेधशाळेची वेळ जीबीआरवरून प्रक्षेपित होऊ लागली. घड्याळ ग्रिनिचला, प्रक्षेपक रग्बीला आणि दोहोंमध्ये टेलिफोनची तार, अशी ती व्यवस्था होती. रोज सकाळी दहा आणि संध्याकाळी सहाच्या आधीची पाच मिनिटे हे संकेत चालत. ३०० सेकंदांत ३०६ ठोके पडत, म्हणजे मिनिटाला ६० ऐवजी ६१.

हा एक जादा ठोका मुद्दाम ठेवलेला होता. जहाजावरचा अधिकारी हेडफोनमध्ये ठोके ऐके आणि त्याच वेळी क्रोनोमीटरची टिकटिक. दोन ठोक्यांमधले अंतर सेकंदापेक्षा एक-एकसष्ठांश कमी असल्यामुळे ठोके हळूहळू टिकटिकीच्या पुढे सरकत, आणि मिनिटातून एकदा दोन्ही आवाज अगदी एकावर एक पडत. मिनिटाच्या सुरुवातीला पडणाऱ्या लांब ठोक्यानंतर समजा विसाव्या ठोक्याला ते जुळले, तर पूर्ण सेकंद सोडून क्रोनोमीटर २०/६१, म्हणजे सुमारे ०.३३ सेकंद पुढे आहे असे कळे. नुसत्या कानाने सेकंदाच्या साठाव्या भागापर्यंत पोचण्याची ही युक्ती आहे. विषुववृत्तावर एका सेकंदाची चूक रेखांशात सुमारे ४६० मीटरांची होते, हे लक्षात घेतले की तिचे मोल कळते. खलाशाला इतकी बारकाई क्वचितच लागे. खगोलवेध घेणाऱ्यांना आणि भूमापकांना मात्र ती हवीच होती.

याहून पुढे ठोक्यांची गाडी जात नाही. रग्बीचा एरियल लहरीच्या मानाने ठेंगणा, म्हणून त्याचा सूर फारच अरुंद पट्ट्यात लागलेला असे. अशा एरियलमधून विजेचा धक्का झटकन बाहेर पडत नाही. तो हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो. ठोक्याची धार त्यामुळे बोथट होते आणि तो नेमका कधी सुरू झाला हे मिलिसेकंदांच्या आत सांगणे कठीण जाते.

उपाय लहरीतच होता. अतिदीर्घ लहरी जमीन आणि आयनांबर यांच्यामधल्या पोकळीतून जातात आणि फारशा क्षीण होत नाहीत. लघुलहरींचा मार्ग आयनांबराबरोबर सारखा बदलतो. अतिदीर्घ लहरींच्या बाबतीत मात्र पोकळीचे छत दिवसा सुमारे ७० आणि रात्री सुमारे ९० किलोमीटरांवर असते, आणि हा बदल रोज जवळजवळ सारखाच घडतो. तेव्हा ठोका बाजूला ठेवून लहरीची कला, म्हणजे चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर ती आहे, हे रोज त्याच वेळी मोजले तर? १६ किलोहर्ट्झच्या एका आवर्तनाला ६२.५ मायक्रोसेकंद लागतात, आणि त्याचाही लहानसा अंश मोजता येतो. चोवीस तासांत एका मायक्रोसेकंदाची घसरण दिसली, तर दोन घड्याळांच्या गतीत सुमारे ८६ अब्जांत एक भाग एवढाच फरक आहे असे कळते.

हार्वर्डच्या जॉन पिअर्स यांनी जीबीआरची लहर अटलांटिकपलीकडे अशीच मोजली आणि १९५७ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. १९५५ मध्ये इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत एसेन आणि पॅरी यांचे सीझियम घड्याळ चालू झाले होते. आता अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवरची सीझियम घड्याळे एकच गती दाखवतात का, हे घड्याळ जहाजावर न चढवता तपासता येऊ लागले.

या पद्धतीची एक मर्यादा आहे. सगळी आवर्तने दिसायला सारखी असल्याने घड्याळाची गती कळते, पण आता नेमके किती वाजले ते कळत नाही. म्हणून पुढच्या केंद्रांनी जवळजवळच्या अनेक वारंवारता वापरल्या. अमेरिकेचे २० किलोहर्ट्झचे डब्ल्यूडब्ल्यूव्हीएल १९७२ मध्ये बंद झाले. पिअर्स यांच्याच कल्पनेतून आलेली ओमेगा ही नौकानयन यंत्रणा १९९७ पर्यंत चालली. रशियाच्या ‘बीटा’ केंद्रांवर २५ किलोहर्ट्झचे वेळसंकेत संपले की २५.१, २५.५, २३ आणि २०.५ किलोहर्ट्झच्या लहरी पाठोपाठ येतात. २५ आणि २५.१ यांच्या कलांमधला फरक १० मिलिसेकंदांनीच पुन्हा तोच होतो. एवढ्या अवधीचा गोंधळ सोडवायला साधा ठोका पुरतो.

‘बीटा’पैकी निझनी नोवगोरोदजवळचा प्रक्षेपक मुळात जर्मनीत काल्बे येथे १९४३ मध्ये पाणबुड्यांसाठी उभारला होता, ‘गोलियाथ’ या नावाने. समुद्राच्या पाण्यात या लहरींचा जोर दर दोनेक मीटरला एक-तृतीयांशाच्या आसपास उतरतो, तरी वरच्या काही मीटरांत त्या ऐकू येतात. महायुद्धानंतर सोव्हिएत फौजांनी तो सुटा करून नेला आणि १९५२ पर्यंत पुन्हा उभा केला. रग्बीची १६ किलोहर्ट्झची सेवा २००३ मध्ये थांबली. तिथूनच १९५० पासून ६० किलोहर्ट्झवर जाणारा एमएसएफ हा संकेत १ एप्रिल २००७ पासून कंब्रियातल्या अँथॉर्नहून प्रक्षेपित होतो, आणि ब्रिटनमधली रेडिओ-घड्याळे त्यावर जुळतात.