पीतबिंदूचा ऱ्हास आणि औषधाचे अर्थशास्त्र

(रायपूर येथे स्पर्धा परीक्षेच्या मराठी विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



आरोग्याच्या प्रश्नाकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने कसे पाहावे, हे समजण्यासाठी आज आपण डोळ्यांच्या एका विकाराचा विचार करू.

दृष्टिपटलाच्या मध्यभागी पीतबिंदू असतो. वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही कामे त्याच्याच आधारे होतात. पन्नाशीनंतर काहींच्या पीतबिंदूचा ऱ्हास होऊ लागतो. या विकाराचे कोरडा आणि ओला असे दोन प्रकार आहेत. ओल्या प्रकारात व्हीईजीएफ या प्रथिनामुळे दृष्टिपटलाखाली नाजूक रक्तवाहिन्या वाढतात व पाझरतात. उपचार न झाल्यास मध्यवर्ती दृष्टी झपाट्याने जाऊ शकते. हे प्रथिन रोखणारे औषध डोळ्यात इंजेक्शनद्वारे दिले जाते.

येथून अर्थशास्त्र सुरू होते. अमेरिकेतील जेनेन्टेक कंपनीच्या बेव्हासिझुमॅब या औषधाला 2004 मध्ये आतड्याच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. त्याच कंपनीच्या रॅनिबिझुमॅबला 2006 मध्ये डोळ्यांसाठी. दोन्ही औषधे एकच प्रथिन रोखतात. परंतु अमेरिकेत रॅनिबिझुमॅबच्या एका मात्रेची किंमत सुमारे 2000 डॉलर होती, तर बेव्हासिझुमॅबच्या लहान मात्रेची सुमारे 50 डॉलर. स्वस्त औषधासाठी डोळ्यांच्या उपचाराचा परवाना मागण्यात उत्पादकाला आर्थिक प्रलोभन नव्हते. दोहोंची थेट तुलना अखेर सरकारी निधीतून झाली. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत सारख्याच वेळापत्रकाने दिल्यास दृष्टीवरील परिणाम समतुल्य आढळला. ज्ञान ही सार्वजनिक वस्तू आहे. बाजारपेठ ते पुरेसे निर्माण करीलच असे नाही, हा त्यातील धडा. 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बेव्हासिझुमॅबचा डोळ्यांच्या उपचारासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

मात्र स्वस्ताईलाही अटी असतात. बेव्हासिझुमॅबच्या 4 मिलिलिटरच्या कुपीतून डोळ्यासाठी फक्त 0.05 मिलिलिटर लागते. म्हणजे एक कुपी अनेक रुग्णांत वाटल्यासच खर्च घटतो, आणि वाटताना निर्जंतुकता ढळली तर जंतुसंसर्गाने डोळाच गमावण्याचा धोका असतो. गुजरातमधील दुष्परिणामांच्या घटनांनंतर 2016 च्या प्रारंभी भारताच्या औषध नियंत्रकांनी अशा वापराविरुद्ध इशारा दिला. पुढे त्याच वर्षी तो मागे घेण्यात आला. दुसरा मार्ग भारतीय उद्योगाने दाखविला. 2015 मध्ये अहमदाबादच्या इंटास कंपनीने रॅनिबिझुमॅबची जैवसमरूप आवृत्ती कमी किमतीत बाजारात आणली.

आता छत्तीसगडकडे वळू. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 मध्ये सुरू झाला. 1994 ते 2002 या काळातील जागतिक बँक साहाय्यित मोतीबिंदू प्रकल्पात महाराष्ट्राबरोबर तत्कालीन मध्य प्रदेशही, म्हणजे आजचा हा प्रदेशही, होता. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एका डोळ्यावर बहुधा एकदाच करावी लागते. म्हणून शिबिरे आणि वार्षिक उद्दिष्टे तिला मानवली. पीतबिंदूचा उपचार असा नाही. आरंभी दरमहा इंजेक्शन, पुढे तपासण्या आणि गरजेनुसार पुन्हा इंजेक्शन, असा तो वर्षानुवर्षे चालतो. जगदलपूरहून रायपूर सुमारे 300 किलोमीटर आहे. तेथील वृद्धाला प्रत्येक खेपेस प्रवासखर्च येतो आणि सोबत येणाऱ्या मुलाची मजुरी बुडते. औषध फुकट दिले तरी हा संधी खर्च उरतोच. दोन-तीन खेपांनंतर उपचार सुटला, तर आधी केलेला खर्चही बऱ्याच अंशी वाया जातो.

आयुष्मान भारत योजनेचा लाभ 2024 पासून 70 वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, खुला झाला आहे. परंतु योजनेचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे. पाठपुराव्याचा प्रवास आणि बुडालेली मजुरी हा भार कुटुंबावरच राहतो. म्हणून जिल्हा पातळीवर दृष्टिपटल तपासणी, निर्जंतुक मात्रा तयार करणारे मध्यवर्ती केंद्र, जैवसमरूप औषधांची सामूहिक खरेदी आणि शस्त्रक्रियांच्या संख्येऐवजी टिकलेल्या दृष्टीचे मोजमाप, या चार गोष्टींचा विचार व्हावा.

उत्तर लिहिताना औषधाची किंमत आणि उपचाराची किंमत यांतील फरक विसरू नका. तसेच घरातील वडीलधाऱ्यांना एकेक डोळा झाकून दाराची चौकट पाहायला सांगा. सरळ रेषा वाकडी दिसू लागली, तर नेत्रतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब नको. ओल्या प्रकारात गेलेली दृष्टी पूर्णपणे परत मिळेलच असे नसते.