मधुमेहाचे निदान आणि त्यानंतरचे पहिले तीन महिने



चाटी गल्लीतील व्यापाऱ्याचा दिवस गादीवर बसूनच सरतो. तरीही अंगाने सडपातळ असलेला मनुष्य आपणांस मधुमेह होणार नाही, असे गृहीत धरून चालतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपले ब्रिटिश सहकारी युडकिन यांच्यासह २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, अगदी सारखा. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के!

उपाशीपोटी साखर १२६ वा अधिक, किंवा 'एचबीएवनसी' ६.५ टक्के वा अधिक आली म्हणजे मधुमेह समजतात; लक्षणे नसल्यास पुन्हा तपासून खात्री करतात. उपाशीपोटीची साखर हा रोजमेळ, तर एचबीएवनसी हा सुमारे तीन महिन्यांचा ताळेबंद होय. रोग पुष्कळदा निदानापूर्वी काही वर्षे शरीरात असतो. म्हणून डोळ्यांचा पडदा, लघवी, मूत्रपिंडे व पाय यांची तपासणी आरंभीच करून घ्यावी.

औषधाचा प्रारंभ बहुधा मेटफॉर्मिनने, अल्प मात्रेत व जेवणासोबत होतो. सुरुवातीस पोट बिघडते आणि पुष्कळजण गोळी परस्पर सोडून देतात. वास्तविक डॉक्टरांना सांगितल्यास मात्रा बदलता येते. ज्वारीच्या भाकरीने साखर वाढत नाही, हाही आपल्या सोलापूरचा एक लाडका समज! भाकरी चांगलीच, पण तीही पिष्टमय, तेव्हा ती मोजून खावी.

खरा धोका व्रताच्या दिवसांत असतो. केवळ मेटफॉर्मिनने साखर सहसा फार उतरत नाही. परंतु ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन अन्न वर्ज्य केल्यास ती धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. हातपाय थरथरतात, घाम सुटतो, भान हरपू लागते. चौविहार करणारा रात्री हे निमूटपणे सोसतो आणि घरच्यांस तो थकवा वाटतो. साखर ७० च्या खाली गेल्यास तीन चमचे साखर पाण्यातून तत्काळ द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. बेशुद्धावस्थेत तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे.

म्हणून पर्युषणात वा दशलक्षणात कोणता नियम घ्यावयाचा आहे, हे गोळी लिहून घेतानाच डॉक्टरांस सांगावे. उपवासाच्या दिवशी कोणती गोळी थांबवावयाची, कोणती चालू ठेवावयाची, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद घरच्यांच्या हाती द्यावा.